सड्यावर झाडं का लावली नाहीत : जावळी तालुक्यातल्या एका डोंगराचं प्रकरण

कासच्या पठारावरून बामणोलीकडे उतरताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्या वाड्या दिसतात, त्यांतल्या एका गावाचं हे प्रकरण आहे. गावाचं नाव घालत नाही, कारण या रांगेवरच्या कितीतरी गावांत आज हाच प्रश्न उभा आहे. गावातले निम्म्याहून अधिक कर्ते पुरुष मुंबईत, बरेचसे माथाडीत. यात्रेला आणि गणपतीला ते येतात, तेव्हा गावाच्या वरचा उघडा डोंगर त्यांच्या डोळ्यांत खुपतो. मुंबईच्या मंडळाने वर्गणी काढली आणि ठरवलं की पावसाळ्याच्या तोंडाला सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ भागावर, झाडं लावायची. जेसीबीने खड्डे काढायचे, खालून ट्रॅक्टरने माती वर न्यायची; वड, पिंपळ, करंज, बहावा आणि लवकर वाढतं म्हणून गिरिपुष्प हे परदेशी झाड. साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवत असल्यामुळे माझ्याकडे फक्त झाडांची यादी तपासायला आली होती.

मंडळाच्या अध्यक्षांचं म्हणणं साधं होतं : "सर, पोरं मुंबईतनं येत्यात, आन डोंगर असा बोडका दिसतो. वाईट वाटतं वो. पैशाचं बगू आमी, तुमी फक्त झाडं सांगा."

त्या वाईट वाटण्यात खोटं काही नव्हतं. पण यादी तपासण्याआधी डोंगर तपासायला हवा होता. हा डोंगर एकाच जातीचं रान अंगावर घेऊन उभा नाही. त्यावर किमान चार वेगवेगळ्या वनस्पती-समूहांची वस्ती आहे आणि त्यांतला एकच माणसाने बिघडवलेला आहे. मंडळाला जो ओसाड वाटत होता, तो सडा तर मुळीच बिघडलेला नव्हता.

डोंगर कुठे उभा आहे

समुद्र इथून साठेक किलोमीटरवर. अरबी समुद्रावरून आलेला मोसमी वारा कोकण ओलांडतो आणि सह्याद्रीच्या भिंतीला धडकून वर चढतो. वासोटा आहे ती मुख्य धार पहिली. तिच्या पूर्वेला कोयनेचं खोरं. आणि खोऱ्याच्या पलीकडे महाबळेश्वरपासून दक्षिणेला उतरत गेलेली बामणोलीची रांग. आपला डोंगर या दुसऱ्या रांगेचा, पश्चिमेला तोंड करून बसलेला. म्हणजे पहिल्या धारेवर रिकामा होऊनही जो पाऊस उरतो तो थेट याच्या अंगावर येतो. पाऊस इथे किती वेगाने बदलतो हे साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर, तिथून जेमतेम २० किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, आणि पसरणीचा घाट उतरून वाईला आलं की हजाराच्याही आत.

नकाशावर पाहिलं तर सातारा जिल्हा कर्कवृत्ताच्या बराच दक्षिणेला, म्हणजे उष्ण कटिबंधातच येतो. पण हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी उतरते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी डिसेंबर-जानेवारीत कधी कधी दव गोठतं. म्हणूनच चॅम्पियन आणि सेठ या वनशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये भारतीय वनांची जी वर्गवारी केली, तीत महाबळेश्वरच्या माथ्यावरचं रान 'उपोष्ण पर्वतीय' या गटात टाकलं. झाडं ठेंगणी, माथे एकमेकांत गुंतलेले, खोडांवर शेवाळ आणि दगडफूल. पश्चिम घाटाच्या वनांवर काम करणाऱ्या पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या मांडणीत याच रानाला तीन झाडांच्या जोडीने ओळखतात : अंजनी, जांभूळ आणि पिसा. मला ही ओळख जास्त भावते, कारण ती उंचीवरून न ठरवता झाडांवरून ठरवलेली आहे आणि सात-आठ कोरड्या महिन्यांना तोंड देणारं सदाहरित रान कसं असतं ते ती नेमकं सांगते. पाऊस पाच हजार मिलिमीटर पडला तरी तो चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने झाडाला जमिनीत साठलेल्या ओलीवर काढायचे असतात. तेव्हा इथे कुठलं रान उभं राहणार, हे आभाळापेक्षा जमीनच जास्त ठरवते.

वरून खाली

शिवसागराचं, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचं, पाणी भरलेलं असताना साडेसहाशे मीटरच्या आसपास, आणि सडा अकराशेच्या वर. या साडेचारशे-पाचशे मीटरच्या चढात रान चार वेळा बदलतं.

सर्वांत वर जांभ्याचा सडा. खाली काळा कातळ, त्यावर जांभ्याचं कवच, आणि कवचावर मातीचा नुसता लेप. आम्ही बरोबर सब्बल नेली होती. सड्यावर ती जिथे मारावी तिथे चार बोटांवर खणखणून थांबत होती. पावसाळ्यात सड्याच्या खोलगट भागांत पाणी साचून राहतं, आणि मार्गशीर्ष संपता संपता तोच दगड पायाला भाजू लागतो. आधी मुळं कुजतील इतकं पाणी, मग मुळं वाळतील इतका कोरडेपणा. हे दोन्ही एकाच वर्षात सोसणारं मोठं झाड या भागात नाही. पण सोसणाऱ्या छोट्या वनस्पती आहेत, आणि त्यांच्यासाठीच कास जगाला माहीत झालं. मातीत नत्र नाही म्हणून सीतेची आसवे पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाते, दवबिंदू आपल्या चिकट केसांवर किडे धरते. डबक्यांच्या काठाने गेंद, मातीचा थर थोडा जाड झाला की तेरडा, सोनकी, चवर. साचलेल्या पाण्यात वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे : ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. यांतल्या बऱ्याच जाती पश्चिम घाटाबाहेर कुठेही नाहीत. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून घेतल्या, त्यांत महाराष्ट्रातल्या चार होत्या : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. गावचा सडा त्या यादीत नाही. पण दगड तोच, माती तीच आणि फुलंही बहुतेक तीच.

सड्याच्या पश्चिम कडेला, जिथे जमीन एकदम तुटते, तिथे वाऱ्याची पट्टी आहे. तिथे माती वीतभर सापडते, तरी झाड पुरुषभर उंचीच्या पुढे जात नाही. आषाढातला वारा सगळे कोवळे शेंडे मोडून टाकतो. अंजनी इथे अक्षरशः झुडूप होऊन राहते आणि सगळ्या फांद्या पूर्वेकडे वळलेल्या. मधल्या भेगांत कारवी.

त्याखाली मधला उतार, गावाच्या थेट वरचा. लांबून पाहिलं तर हाही सड्यासारखाच बोडका : गवत, रामेठा, भामण, मधूनच एखादा आवळा. जवळ जाऊन गवत बाजूला केलं की वेगळंच दिसतं. गुडघाभर उंचीची, एकेका बुंध्यातून आठ-दहा धुमारे फुटलेली झुडपं. हिरडा, ऐन, गेळा, कुंभा, जांभूळ, काही ठिकाणी अंजनीसुद्धा. एकेक खुंट मांडीएवढा जाड, काळा पडलेला. सब्बल इथे हातभर आत गेली.

आणि शेवटी घळ. उताराला मधोमध चिरत गेलेली, तळाशी बारमाही झरा, काठाने वाघजाईची देवराई. आत शिरलं की उन्हाळ्यातही अंगाला गारवा लागतो. पिसा, जांभूळ, अंजनी, पार जांभूळ, फणशी. वर चढलेली गारंबी आणि उक्षी. खोडांवर नेचे आणि आमरी. उतारावर जी अंजनी गुडघ्याएवढी होती, ती इथे दोन मजले उंच. पिशाच्या फांद्यांच्या टोकाला कोवळी पानं झुबक्याने लोंबत असतात आणि जुन्या पानांची मागची बाजू पांढुरकी असते; एकदा दाखवलं की गावातल्या पोरांना तो लांबूनही ओळखू येऊ लागला. शेकरूची घरटी याच पट्ट्यात.

झाड कशाने अडलं आहे?

या सगळ्या प्रकरणाची किल्ली एका प्रश्नात होती. समोर झाड नाही, ते कशाने नाही? दगडाने अडवलं, वाऱ्याने अडवलं, की माणसाने? सड्यावर दगडाने, कड्यावर वाऱ्याने, मधल्या उतारावर विळ्याने आणि वणव्याने. तिन्ही ठिकाणं रस्त्यावरून सारखीच बोडकी दिसतात. पण पैसा आणि कष्ट घालून फरक पडेल अशी जागा फक्त तिसरी.

उतार बिघडला कसा, हे मातीपेक्षा वरच्या आळीच्या आजींनी जास्त नीट सांगितलं. त्यांच्या सासरची भातखाचरं खाली नदीकाठाला होती. १९६० च्या दशकात कोयनेचं धरण झालं आणि ती पाण्याखाली गेली. काही कुटुंबं दूर पुनर्वसनाला गेली, काही डोंगरावरच वर सरकली. पोट भरायला उरला तो उतार. "तिथं नाचनी, वरी करायचो आमी. झाडाच्या फांद्या तोडून राब भाजायचा, चार वरसं पिकवायचं, मग सोडून दुसरीकडं. पर बुंधा कुनी उपटत नव्हतं, बाबा. बुंधा ठेवायचाच." पुढे पिढी मुंबईला गेली, नाचणी सुटली. मग रान परत का उभं राहिलं नाही? कारण वणवा सुटला नाही. शिमग्याच्या आगेमागे कुणीतरी उतार पेटवतं. नवं गवत जोमाने येतं म्हणून, वाट मोकळी व्हावी म्हणून, कधी नुसतीच टाकलेली काडी. दर वर्षी धुमारे हिरवे होतात आणि दर वर्षी जळतात. मुळं मात्र जिवंत आहेत, पन्नास वर्षांहून जास्त काळ.

मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ज्या झाडाला जमिनीखाली पन्नास वर्षांचं मूळ आहे, त्याच्या शेजारी खड्डा काढून नर्सरीतलं वर्षाचं रोप लावणं म्हणजे मालक घरात असताना भाडेकरू शोधण्यासारखं आहे. त्या मुळांना पाणी घालावं लागत नाही, कुंपण फारसं लागत नाही. आग थांबली की ती आपली आपण वर येतात.

बैठक

बैठक देवळात झाली. मुंबईहून पाच-सहा जण आले होते, गावातले म्हातारे, बचत गटातल्या बायका, आणि वरच्या धनगरवाड्यातले दोन आबा. सड्यावर लावू नका, असं मी सांगितलं तेव्हा पहिली प्रतिक्रिया नाराजीची होती, आणि ती समजण्यासारखी होती. वर्गणी सड्यासाठी जमली होती. बॅनरवर सड्याचाच फोटो होता. एका तरुणाने विचारलं, माती वर नेऊन टाकली तर का नाही येणार? येईल, पहिली दोन वर्षं येईल. पाऊस ती माती धुऊन डबक्यांत नेईल, डबकी बुजतील, आणि जिथे सीतेची आसवे होती तिथे गाजरगवत उभं राहील. झाड जगलं तरी त्याची सावली पडेल, आणि सड्याच्या बहुतेक वनस्पती सावलीत फुलत नाहीत.

पण लोकांना पटलं ते फुलांमुळे नाही, पाण्यामुळे. धनगरवाड्यातले आबा तोवर गप्प होते. ते म्हणाले, "सडा फोडला तर वागजाईचा झरा ऱ्हातोय का बगा." त्यांनी जे अनुभवाने सांगितलं त्याचं कारण दगडात आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं, खालच्या कातळाशी आणि चिकण थराशी अडतं आणि जिथे दोन्हींची सांध उघडी पडते तिथे झरा होऊन बाहेर येतं. घळीचा झरा नेमका त्या सांध्यावर आहे. जेसीबीने कवच फोडून, वर सैल माती टाकून त्या झिरपण्याचं काय होईल याची खात्री कुणालाच देता आली नसती. उन्हाळ्यात गावाला पाणी त्याच झऱ्याचं. जेसीबीचा विषय तिथेच संपला.

चराईचा प्रश्न मात्र लांबला. काहींचं म्हणणं, सड्याला कुंपण घाला, गुरं बंद करा. मी याच्या विरोधात होतो आणि आजही आहे. सड्यावर गुरं शतकानुशतकं चरत आली आहेत. ती पूर्ण थांबली की उंच गवत माजतं आणि बोटभर उंचीच्या फुलांना ऊन मिळेनासं होतं. भादव्यात, फुलांच्या भरात, गुरं कमी न्यावीत एवढंच पुरे. धनगरवाड्यालाही ते जमण्यासारखं होतं.

काय केलं

वर्गणीचा मोठा हिस्सा झाडांवर न जाता आगीवर गेला. पौषात, गवत पिवळं पडताना, मधल्या उताराच्या वरून आणि दोन्ही बाजूंनी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे गवत नसलेले पट्टे, काढल्या. आतलं गवत बचत गटाच्या बायकांनी कापून नेलं. काही गुरांना, काही विकायला. कापलेलं गवत पेटत नाही, आणि ज्याच्या घरी त्याचे भारे जातात तो काडी टाकत नाही. होळीच्या आधीपासून वळवाचा पहिला पाऊस पडेपर्यंत गावातली दोन पोरं रोजावर राखणीला ठेवली.

खुंटांची विरळणी केली. प्रत्येक बुंध्यावर दोन किंवा तीन सरळ धुमारे ठेवले, बाकीचे छाटले. सगळी ताकद त्या दोघा-तिघांत जाते. हिरड्याबाबत गावकरी विशेष काळजीने वागले, कारण बाळहिरड्याला भाव आहे आणि ते झाड त्यांना कळतं.

लागवड केली ती फक्त घळीच्या कडेला, जिथे देवराई विरळ झाली होती, आणि तीही रोपांपेक्षा बियांनी. जांभळाची बी वाळली की मरते, आठवडा-दोन आठवडे ठेवली तरी निम्मी वाया जाते. म्हणून मृगाच्या सुमारास देवराईतच पडलेली जांभळं गोळा करून त्याच दिवशी कडेच्या पालापाचोळ्याखाली दाबली. अंजनी आणि पिसा यांच्या बियाही तशाच, मिळतील तेव्हा. वड-पिंपळ यादीतून काढले नाहीत. ते देवळाजवळ आणि एसटीच्या थांब्यावर लावले, जिथे सावलीची खरंच गरज होती. गिरिपुष्प मात्र घेतलं नाही.

वाऱ्याच्या पट्टीला हात लावला नाही. तिथली कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच सगळी मिळून फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. दाट कारवीखाली झाडाचं रोप तग धरत नाही; ती मेली की दोन-तीन पावसाळे जमिनीवर ऊन पोचतं आणि तेवढ्यात अंजनी-जांभळाची पोरं डोकं वर काढतात. हा फेरा आपल्या घाईने पळणार नाही. वाळलेली कारवी फार पेटते, एवढं लक्षात ठेवून त्या वर्षी राखण दुप्पट करायची, असं वहीत लिहून ठेवलं आहे.

नंतर

पहिल्या वर्षी दाखवायला काही नव्हतं आणि मुंबईत त्यावरून बोलणी झाली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ऐन आणि हिरडा कमरेच्या वर गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या हद्दीतून आलेली आग जाळरेषा ओलांडून उताराच्या दक्षिण कोपऱ्यात घुसली आणि तो कोपरा पूर्ण जळला. लोक हताश झाले. पण आषाढात त्याच बुंध्यांना पुन्हा धुमारे आले. न जळलेल्या भागात आता काही ऐन माणसाच्या डोक्याच्या वर आहेत. त्यांच्यावर बुलबुल आणि हरियाल बसू लागले, आणि जिथे ते बसतात तिथे खाली उंबर, जांभूळ, आंबगुळीची रोपं दिसतात. ती कुणी लावलेली नाहीत. घळीच्या कडेची जांभळं निम्मी जगली. पिसा फारच थोडा आला, बहुधा सावली अजून पुरेशी नाही म्हणून.

हा उतार उद्या घळीसारखा सदाहरित होईल, असं मी गावाला सांगितलेलं नाही. तिथे ओल कमी टिकते. पुढची काही दशकं तिथे हिरडा-ऐनाचं पानझडी रान राहील आणि त्याच्या सावलीत हळूहळू अंजनी-जांभूळ वाढतील. घळीला लागून असलेल्या बाजूने ते आधी होईल, कड्याच्या बाजूने कदाचित कधीच नाही.

एका पट्ट्यावर मात्र आमचं एकमत झालेलं नाही. सडा संपतो आणि उतार सुरू होतो तिथे एक चिंचोळी, वीत-दीड वीत मातीची जागा आहे. तिथे गवत आहे, मधून मधून बुटकी अंजनी आहे, पण जुने खुंट जवळजवळ नाहीत. मंडळाचं म्हणणं तिथेही पूर्वी रान होतं. आजी म्हणतात तिथे नाचणी कधीच केली नाही, गुरं बसायची. मला ती सड्याचीच कड वाटते. म्हणून तो पट्टा मधोमध दगड मांडून दोन भागांत वाटला आहे. एका भागात गुरं पूर्वीसारखी चरतात. दुसऱ्यात गवत फक्त कापलं जातं आणि गुरं नेत नाहीत. आग दोन्हींत नाही. दसऱ्यानंतर दोन्ही भागांतली अंजनीची नवी रोपं आणि सड्याची फुलं गावातल्या शाळेची मुलं मोजतात आणि आकडे मंडळाच्या वहीत चढवतात. उरलेल्या वर्गणीतून काय करायचं, हे त्या वहीकडे पाहून ठरवायचं, असं यात्रेच्या बैठकीत मुंबईकरांनीच सुचवलं आणि ते मान्य झालं.